घोरणं थांबलं, आकडा उतरला नाही

पेशंट आला होता वरच्या उजव्या दाढेसाठी. कॅपचा सिरॅमिकचा तुकडा दुसऱ्यांदा उडाला होता. वय ४६, धंदा ट्रक चालवण्याचा. मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे आणि गुजरातला न्यायचे. आठवड्यातल्या चार रात्री झोप केबिनमध्येच. कान तालमीत फुटलेले, मान खांद्यात रुतलेली.

एकच कॅप दोनदा फुटली की दोष कॅपचा असेलच असं नाही, म्हणून आधी बाकीचे दात बघितले. खालचे पुढचे दात कानसीनं घासल्यासारखे सपाट, आतला पिवळा थर उघडा. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे, शंकरपाळ्याच्या कातलेल्या कडेसारखे. ‘आ’ करायला लावलं तर पडजीभ दिसेना, मऊ टाळूची नुसती कड दिसली. घसा किती उघडा दिसतो याच्या मॅलमपाटी प्रतवारीत वर्ग तीन. दात घासले जाण्याची कारणं बरीच असतात आणि रात्री दात खाणाऱ्या प्रत्येकाचा श्वास अडकतो असंही नाही. पण ही तिन्ही लक्षणं एका तोंडात भेटली की झोपेबद्दल विचारावंच लागतं.

उत्तर त्याच्याऐवजी बायकोनं दिलं. “घोरण्याचं सोडा वो डॉक्टर. मधीच श्वासच बंद पडतोय ह्यांचा. मी उठून बसतो, हलवतो, मग एकदम घुर्रर्र करून घेत्यात.”

हे वर्णन म्हणजे निम्मं निदान. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागं सरकतात, वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. असं किमान १० सेकंद झालं की त्याला अॅप्निया म्हणतात. वाट पूर्ण बंद न होता अरुंद झाली आणि ऑक्सिजन उतरला, तर हायपोप्निया. दोन्ही मिळून तासाला किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढं तीव्र.

टेप लावली तर गळा ४४ सेंटिमीटर भरला. ४० च्या पुढं धोका धरतात. पण कोल्हापुरात एकट्या गळ्याच्या मापावर जाऊन चालत नाही, इथं निम्म्या तालमीची मान तेवढी निघेल. वजन ९४ किलो, उंची १७२, औषध घेऊनही रक्तदाब चढा. दिवसा झोप किती येते हे मोजणाऱ्या एपवर्थच्या आठ प्रश्नांत २४ पैकी १५ गुण. १० च्या पुढं गेलं की दिवसाची झोप जास्त समजायची. गाडी रहदारीत थांबलेली असताना डुलकी लागते का, या प्रश्नावर तो हसला. “किणीच्या टोलनाक्याला रांगेत डोळा लागतोय. मागचा हॉर्न मारतोय, मग कळतंय.” रात्रीचं स्टेअरिंग त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. दुसरा ड्रायव्हर जोडीला घ्यायचा, नाहीतर खेप सोडायची.

इथवर दंतवैद्याचं काम. संशय आम्ही घ्यायचा, निदान नाही. घोरतो म्हणून सरळ माप घेऊन जबडा पुढं धरणारं उपकरण हातात देणं चूक आहे. श्वास मेंदूकडूनच थांबत असेल, तर जबडा कितीही पुढं ओढला तरी फरक पडत नाही. त्याला छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. घरी करायची झोपेची चाचणी झाली: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. एएचआय २७. उताणा असताना ४१, कुशीवर १२. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७९ टक्के. घरच्या चाचणीत मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळं भागाकार झोपेच्या तासांनी न होता यंत्र चालू असलेल्या तासांनी होतो. माणूस दोन तास जागा पडून असेल, तर आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. वाचताना हे धरायचं.

पहिला उपचार सीपॅपच. दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणारं हे यंत्र ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलं. आकडा उतरवण्यात अजून त्याला तोड नाही. यानं तीन आठवडे वापरलं, म्हणजे घरी असेल त्या रात्री. केबिनमध्ये मास्क लावून झोपणं जमेना. चार रात्री न वापरलेलं यंत्र त्या चार रात्रींपुरतं शून्य. तेव्हा डॉक्टरांनी लेखी सल्ला देऊन त्याला जबडा पुढं धरणाऱ्या उपकरणासाठी आमच्याकडं परत पाठवलं.

यामागची गोष्ट सोपी आहे. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या हाडाला आतून, हनुवटीमागं चिकटलेला असतो. जबडा पुढं आला की जीभ पुढं येते, मऊ टाळूच्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात आणि वाट रुंदावते. पण हा सगळा भार दातांवर येतो. म्हणून आधी मोजणी: प्रत्येक जबड्यात निदान आठ-दहा पक्के दात हवेत. याचे वर १४, खाली १३. हिरड्यांत दोन ठिकाणी ५ मिलिमीटरचे खिसे, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या पोकळ्या, होते, ते साफ करून घेतले. तुटलेली कॅप नवीन बसवली. हा क्रम चुकवायचा नाही. उपकरण दाताच्या आकाराला घट्ट बसतं. आधी उपकरण आणि मग कॅप केली, तर ते त्या दाढेवर बसत नाही आणि पाच आकडी खर्च पाण्यात जातो. जबड्याचा सांधाही तपासला. तोंड ४६ मिलिमीटर उघडत होतं, कटकट नाही, दुखणं नाही.

मग जॉर्ज गेज. दातांत धरायची पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. जबडा पूर्ण मागं नेल्यावर उणे ३, पूर्ण पुढं काढल्यावर अधिक ८. म्हणजे हालचाल ११ मिलिमीटर. हनुवटी पुढं काढा म्हटलं की लोक मान पुढं काढतात. डोकं टेकवून तीन वेळा मोजायचं आणि आकडा तोच आला तरच धरायचा. सुरुवात निम्म्याहून किंचित जास्त, मागून ६ मिलिमीटर, म्हणजे गेजवर अधिक ३. त्या जागी पुढच्या दातांत ५ मिलिमीटरची फट ठेवून सिलिकॉननं चाव्याचा ठसा घेतला. दातांची मापंही सिलिकॉनचीच. अल्जिनेट, म्हणजे पाण्यात कालवायची मापाची पावडर, स्वस्त पडतं, पण लॅब पुण्याला. वाटेत ते सुकून आकसतं आणि आलेलं उपकरण एका बाजूला उचललेलं राहतं.

उपकरण दोन भागांचं, अॅक्रेलिकचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. चावीची एक फिरकी म्हणजे जबडा पाव मिलिमीटर पुढं. सूचना अशी: पहिला आठवडा हात लावायचा नाही, मग दर तिसऱ्या रात्री दोन्ही बाजूंना एकेक फिरकी.

दोन आठवड्यांनी आला तो डाव्या कानापुढं हात धरूनच. सकाळी जबडा उजवीकडं वळल्यासारखा वाटतोय म्हणाला. उपकरण हातात घेतलं आणि लक्षात आलं. डावा स्क्रू तीन फिरक्या पुढं, उजवा जागच्या जागी. चावी एकच दिलीय म्हणजे स्क्रूही एकच, असं त्यानं धरलं होतं. डाव्या बाजूचा सांधा पाऊण मिलिमीटर एकटाच पुढं खेचला जात होता. दोन्ही शून्यावर आणले, चार दिवस विश्रांती दिली, दोन्ही स्क्रूंशेजारी लाल ठिपके केले आणि फिरकी आमच्यासमोर त्याच्या हातून, मग बायकोच्या हातून फिरवून घेतली. तेव्हापासून चावी प्रत्येक पेशंटच्या हातात देऊन बघतो, नुसतं सांगून सोडत नाही.

दुसरी तक्रार सकाळी दात एकमेकांवर नीट बसत नसल्याची. “मिसळ खाताना पाव मागच्या दातांनी तुटतच नाही.” हे होणारच. रात्रभर पुढं धरलेला जबडा मागं यायला वेळ घेतो. त्यासाठी दात आधी जसे भिडायचे त्या मापाची छोटी अॅक्रेलिक पट्टी देतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं ती हळूहळू चावत बसायचं, मागच्या दाढा भिडेपर्यंत. ही पट्टी लोक सगळ्यात आधी हरवतात आणि वर्ष-दोन वर्षांनी पुढचे दात कडेला कड भिडायला लागतात ते त्यामुळंही. लाळ जास्त सुटणं पहिल्या पंधरवड्यात कमी होतं. धुवायचं गार पाण्यानं, मऊ ब्रशनं. गरम पाण्यानं वाकतं, आणि ट्रकच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलं तर संध्याकाळी बसतच नाही.

आठ फिरक्या झाल्या. २ मिलिमीटर, गेजवर अधिक ५. बायको खूश. घोरणं बंद, श्वास थांबताना तिला दिसत नव्हता. तो म्हणाला, “झालं की आता. परत कशाला ती नळी?” खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी गोष्ट इथंच संपते. दवाखानाही खूश, घरचेही खूश.

चाचणी परत करायला लावली, उपकरण तोंडात ठेवून. एएचआय १७. उताणा २६. ऑक्सिजन ८३ पर्यंत उतरलेला.

म्हणजे आवाज गेला, अडथळा निम्माही गेला नाही. घोरणं म्हणजे मऊ टाळूची थरथर. जबडा थोडा पुढं आला की ती बरीचशी थांबते. पण उताणं झोपल्यावर जिभेचा बुंधा अजून मागं पडत होता आणि ती बंद वाट आवाज न करता बंद राहत होती. शेजारी झोपलेल्या माणसाच्या कानाला एएचआय मोजता येत नाही.

अजून चार फिरक्या दिल्या. अधिक ६, म्हणजे एकूण हालचालीच्या ८० टक्क्यांच्या थोडं वर. याच्या पुढं सांधा कुरकुरतो, फायदा मात्र फारसा वाढत नाही, म्हणून तिथं थांबलो. उरलेलं काम कुशीकडून करून घेतलं. बायकोनं त्याच्या बंडीला पाठीमागं दोन खांद्यांच्या मधे खिसा शिवला, त्यात रबरी चेंडू. उताणा झाला की टोचतो, आपोआप वळतो. केबिनचा बाक अरुंद असल्यानं तिथं हे घरच्यापेक्षा बरं जमलं.

तिसऱ्या चाचणीत एएचआय ७, ऑक्सिजन ८८ च्या खाली नाही. एपवर्थ ६. पाचाच्या आत आलं नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. वजन चार-पाच किलो उतरलं तर तेही येण्यासारखं आहे. घरी असलेल्या रात्री सीपॅप लावायचं, बाहेर हे उपकरण, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. रात्रीची गाडी त्यांच्या परवानगीनंतर सुरू झाली.

सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा वरच्या पुढच्या दातांचं खालच्यांपुढचं अंतर ३ वरून अडीच मिलिमीटरवर आलं होतं. पहिल्या दिवशीचे प्लास्टरचे साचे कपाटात ठेवलेले असल्यानं ते कळलं, नाहीतर डोळ्याला दिसलं नसतं. सकाळची पट्टी कुठाय विचारलं, तर गाडीच्या कप्प्यात कुठंतरी असेल म्हणाला. नवीन करून दिली. पुढची तपासणी गुऱ्हाळं पेटायच्या आधी ठेवलीय, एकदा हंगाम लागला की हा माणूस हाताला लागत नाही.