पाचशे मिलिमीटरचा माळ

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर आमच्या तुकडीतल्या मैत्रिणींनी गॅदरिंग, खो-खोचे सामने, शाळेची जुनी इमारत असे विषय आपापसांत वाटून घेतले. मी भूगोलाचा तास मागून घेतला. मी १९८७ च्या दहावीच्या तुकडीची. माण तालुक्यातली, शिकायला साताऱ्यात वसतिगृहात राहिलेली. पुढे वनस्पतिशास्त्र घेतलं, पुण्यात शिकवलं, संशोधनासाठी काही वर्षं उत्तर फिनलंडमध्ये होते. या सगळ्याचं मूळ आमच्या भूगोलाच्या सरांच्या वहीत आहे.

सरांनी मैदानाच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक बसवला होता. सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी मापपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात वर्तमानपत्रातला महाबळेश्वरचा आकडा. तिसरा रकाना सरांनी माझ्यासाठी आखला होता, आमच्या माण तालुक्यातल्या दहिवडीकडचा. तिथे आकडा नसायचा. वडिलांच्या पोस्टकार्डातलं वाक्य मी तिथे उतरवायची : ‘भुरभुर आहे, पेर अजून नाही.’ महाबळेश्वरला एका दिवसात दोनशे मिलिमीटर कोसळलेले असायचे, त्याच आठवड्यात हे पोस्टकार्ड यायचं. एकाच जिल्ह्यात असं का, हा प्रश्न मला घरामुळे पडला होता. त्याचं उत्तर सरांनी फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढून दिलं.

अरबी समुद्रावरून येणारं ओलं वारं डोंगराला अडून वर चढतं. वर गेलेली हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि पश्चिम उतारावर, माथ्यावर रितं होतं. माथा ओलांडून तीच हवा खाली उतरू लागली की दाबली जाते, तापते आणि ढग विरत जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवर पाचगणी, तिथे तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही खाली. आणि आमच्या दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर ते म्हसवड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतरात पावसाचा दहावा हिस्सा उरतो.

सरांनी हे आम्हाला एसटीतून दाखवलं. महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ, पिसा. पानं जाड, चकचकीत, आणि बाराही महिने झाडावर. वारा आणि उथळ माती यांमुळे ही झाडं फार उंच होत नाहीत, पण फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की खाली दुपारीही अंधारल्यासारखं. शेकरूला नेमकं हेच लागतं. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेपावत जाते, म्हणून वरचं छत सलग असेल तिथेच ती टिकते. पूर्वेकडे पाऊस घटतो तशी झाडं उन्हाळ्यात पानं गाळून पाणी राखणारी होतात. आणखी पुढे पानंच बारीक होतात, काटे येतात, झाडं लांब लांब उभी राहतात आणि मधली जागा गवत घेतं. बाभूळ, हिवर, बोर. पुसेगावच्या पुढे एसटीच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं आणि वर्गातल्या कोणीतरी म्हटलं, ‘इथं काहीच नाही.’ तो माझा मुलूख होता.

सरांनी तिथेच गाडी थांबवायला लावली आणि आम्हाला माळावर चालायला लावलं. मोज्यांत कुसळं भरली. एक कुसळ काढून त्यांनी तळहातावर घेतलं, त्यावर पाण्याचा थेंब सोडला. त्याची लांब शेपटी स्वतःभोवती फिरू लागली. हवेतला ओलावा वाढला-घटला की ती शेपटी पीळ खाते नि सोडते, आणि टोकाकडचं बी स्क्रूसारखं मातीत घुसत जातं. पाऊस थोडा, तोही लहरी. बी उघड्यावर राहिलं तर वाळेल किंवा मुंग्या नेतील. म्हणून त्या गवताने पेरणीची सोय स्वतःच केली आहे. मला त्या क्षणी माझ्या गावाचा जो अभिमान वाटला तो आजही तसाच आहे.

सहलीत आम्ही कासलाही गेलो होतो. तिथे पाऊस धो-धो, तरी पठारावर झाड नाही. जास्त पाऊस म्हणजे मोठं रान, एवढं सोपं गणित नसतं, हे तिथे कळलं. युगानुयुगांच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तापलेला दगड. तिथे चार महिन्यांत रुजून, फुलून, बी टाकणाऱ्या छोट्या वनस्पतींचं राज्य. मातीत नत्र इतकं कमी की सीतेची आसवे ही वनस्पती पाण्यातल्या सूक्ष्म फुग्यांत जीव ओढून घेते आणि दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती चिकट केसांवर कीटक धरते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदम फुलते.

मग फिनलंड. पर्जन्यमापकाची सवय इतकी मुरलेली की पोचल्या पोचल्या मी तिथला आकडा शोधला. उत्तरेकडे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे जवळपास आमच्या म्हसवडएवढंच पाणी! आणि बाहेर पाहावं तर नजर पोचेल तिथवर स्प्रूस, पाइन आणि बर्चचं अरण्य, मधे मैलोन्‌मैल दलदल. एवढ्याच पाण्यात हे कसं, याचं कारण तापमानात आहे. तिथे उन्हाळा छोटा आणि सौम्य, पडलेलं पाणी उडून जात नाही, मातीतच साचतं. आमच्याकडे वर्षभरात पडतं त्याच्या कितीतरी पट पाणी ऊन आणि वारा मिळून पिऊन टाकू शकतात. आकडा तोच, पण झाडाच्या मुळाला काय मिळतं ते वेगळं. शिवाय तिथला दुष्काळ हिवाळ्यात असतो : पाणी गोठलेलं, मुळांना ओढता येत नाही. म्हणून स्प्रूसची पानं सुईसारखी, मेणाचा थर ल्यालेली. झाडाचा आकार निमुळता, बर्फ घसरून जावं असा. डोंगरससा हिवाळ्यात पांढरा होतो. रेनडिअरच्या डोळ्याच्या आतला चमकता पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो तो अंधाऱ्या महिन्यांत निळा होतो, थोडक्या उजेडात जास्त दिसावं म्हणून.

हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांनी १९०० मध्ये जगाच्या हवामानाची विभागणी मांडली तेव्हा तिच्या सीमा वनस्पतींवरूनच आखल्या होत्या. तापमान, पाऊस आणि पावसाचे महिने सांगा, तिथे साधारण कसं रान असेल ते सांगता येतं. त्या हिशेबात आमचा माळ पूर्व आफ्रिकेच्या सव्हानाच्या भाऊबंदांत बसतो : उष्ण हवा, थोड्या महिन्यांचा पाऊस, गवत आणि विरळ काटेरी झाडं. आमच्या ताटातली बाजरीसुद्धा मूळची आफ्रिकेतल्या साहेलची, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याची. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि या हवेत रुळली. खिलार बैल आणि दख्खनी मेंढी याच हवेने घडवली. चिंकारा, लांडगा, खोकड, उघड्या जमिनीवर मातीच्याच रंगाची अंडी घालणारा धाविक पक्षी, हे सगळे मोकळ्या गवताचे रहिवासी. माळढोकही त्यांतलाच. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं, आणि आज आपल्या राज्यात तो दिसणं ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

म्हणूनच एका गोष्टीचं मला मनापासून दुःख होतं. आमच्या गावच्या माळावर चर खणून गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडांची, दाट लागवड झाली. हेतू चांगलाच होता. पण गवत गेलं तसे चंडोल गेले, आणि मेंढपाळांना चराईला लांब जावं लागलं. गवताचा जीव जमिनीलगत आणि जमिनीखाली असतो. चरलं, वाळलं, जळलं तरी ते पहिल्या पावसात वर येतं. पाचशे मिलिमीटरात काय उभं राहू शकतं याचं उत्तर निसर्गाने फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. तिथे सावलीसाठी झाड लावायचंच तर हिवर लावा, बोर लावा, विरळ लावा.

शाळेला या वर्षी मी नवा पर्जन्यमापक दिला आहे. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की नोंद रविवारी आणि सुट्टीतही व्हावी, आणि वहीत पूर्वेकडचा रकाना असावा. सप्टेंबरात मुलांची सहल कासला जाते, ती जावीच. त्याच महिन्यात एक गाडी दहिवडीकडेही येऊ द्या. तेव्हा गवत फुलोऱ्यावर असतं. जेवणाची सोय आमच्या घरी होईल.