गल्लीचा उंबरठा

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात राहायला आल्यावर ही गोष्ट आधी माझ्या नाही, माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या लक्षात आली. "आई, इथला फुटपाथ तुटतच नाही!" खरंच होतं. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळणाऱ्या गाडीलाच फुटपाथ ओलांडावा लागतो. फुटपाथ त्याच उंचीवर, त्याच फरशीने सरळ पुढे जातो. गाडी मात्र चढ चढून, उंबरठा ओलांडल्यासारखी हळूच आत येते. तिथे पाटी लावलेली नाही आणि तिची गरजही नाही.

हळू येण्याने किती फरक पडतो, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. समोर कोणी आलेलं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणारी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती पूर्ण वेगाने आदळते. तेव्हापासून वेगातल्या २० च्या फरकाला मी किरकोळ म्हणू शकत नाही.

हे इथे पहिल्यापासून नव्हतं. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं दगावली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. संतापलेल्या लोकांच्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. त्याच सुमारास डेल्फ्टमध्ये 'वोनेर्फ' नावाचे रस्ते आकाराला आले. शब्दाचा अर्थ राहत्या घराचं अंगण. वाट नागमोडी, मध्येच झाड, खाली विटा. मुलं खेळतात आणि गाडी त्यांच्यामधून चालीच्या वेगाने जाते. १९७६ मध्ये त्यांना कायद्यात जागा मिळाली. पुढे १९९० च्या दशकात, माणूस चुकणारच असं धरून रस्ते बांधायचं धोरण आलं.

आता वर्षाला ७०० च्या आसपास मृत्यू होतात. सीटबेल्ट आणि सुधारलेल्या गाड्यांचाही त्यात वाटा आहे. पण ७०० हा आकडाही मला सलतो, कारण त्यात वयस्कर सायकलस्वार फार आहेत. शेजारच्या आजी अजून सायकलनेच बाजारात जातात. सायकल ट्रॅकची कड उभी नको, तिरकी हवी, हे त्यांनीच मला वाकून दाखवलं. उभ्या कडेला चाक घासलं की माणूस पडतो. तिरक्या कडेवरून ते अलगद वर चढतं.