व्हेजिमाइट, एकदाचं!

मेलबर्नला राहूनही मी आजवर व्हेजिमाइटच्या, म्हणजे टोस्टला लावायच्या इथल्या काळ्या, खारट लेपाच्या वाटेला गेले नव्हते. आज ऑफिसच्या किचनमध्ये एका सहकारणीने करूनच दाखवलं. टोस्ट कडक भाजायचा, गरम असतानाच सढळ हाताने बटर, आणि मग सुरीच्या टोकावर मावेल एवढंच व्हेजिमाइट. टोस्टला काळं फासायचं नाही! नुसते तपकिरी ओरखडे, मधूनमधून पिवळं बटर दिसायलाच हवं.

चव? आधी खारट, मग किंचित कडवट, आणि मागून मटणाच्या रश्श्यासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळतं. मांस मात्र औषधालाही नाही. बिअर बनवून उरलेल्या यीस्टपासून सिरिल कॅलिस्टर यांनी हे इथेच, मेलबर्नमध्ये तयार केलं. १९२३ पासून विकलं जातंय. ब जीवनसत्त्वं भरपूर, पण मीठही तसंच, तेव्हा बीपीवाल्यांनी जरा जपून.

संध्याकाळी गरम ज्वारीच्या भाकरीवर लोण्याबरोबर लावलं. फर्मास! मग भीड चेपली आणि मसुराच्या आमटीत पाव चमचा ढकलला, मीठ बेताचं ठेवून. नवऱ्याने काही न विचारता दुसरी वाटी घेतली. (सांगितलं नाहीये अजून.)

नुसतं चमच्याने खाणाऱ्यांना मात्र माझा लांबूनच नमस्कार. थालीपिठाबरोबर कोणी खाल्लंय का?