मामा तलावाजवळ

फोनवरच्या मुलीनं तिसऱ्यांदा विचारलं, "सर, जवळची काहीतरी खूण सांगा ना." मी तिसऱ्यांदा सांगितलं, "मामा तलावाजवळ." पलीकडून टकटक ऐकू आली. मग ती फार अदबीनं म्हणाली, "ओके सर. मामांचं पूर्ण नाव काय?"

रोवणीच्या दिवसांत घालायला म्हणून रेनकोट मागवला होता. रोवणी आटोपली, पोळा झाला, दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन मारबतही गेली, आणि रेनकोट अजून आमच्या गावाचा पत्ता शोधत फिरत होता.

मामांचं नाव मला काही सांगता आलं नाही. आमच्या भंडारा-गोंदियाकडे असे मामा गावोगाव आहेत, चांदा-गडचिरोलीकडेही आहेत (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर), आणि त्यातला एकही कुणाच्या आईचा भाऊ नाही. ‘माजी मालगुजारी तलाव’, त्यातले हे दोन ‘मा’. कुण्या बाबूला फायलीत दर वेळी अख्खं नाव लिहायचा कंटाळा आला असेल आणि त्यानं ‘मा. मा. तलाव’ करून टाकलं असेल. गावानं टिंबं गाळली. पाण्याशी नातं जोडायला आपल्याला असाही वेळ लागत नाही. नदी माय होते, तर तलाव मामा का नको?

पण त्या ‘माजी’पाशी माझं घोडं अडतं. मालगुजार माजी झाला, कबूल. तलाव कुठे माजी झाला? तो आज सकाळी मी पाहिला तेव्हा काठोकाठ होता.

‘माल’ म्हणजे इथे सारा, आणि ‘गुजार’ म्हणजे भरणारा. सरकारात सारा भरणारा माणूस तो मालगुजार. शब्दातच सांगून ठेवलंय की हा बांधणारा नव्हे, खोदणारा नव्हे, भरणारा. तरी तलावाला नाव याचं.

आमच्या गावातली म्हातारी माणसं तलाव गोंडराजाच्या वेळचा सांगतात. चांद्याच्या गोंड राजांची रीत अशी सांगितली जाते की, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. हे काम अंगावर घेतलं ते मुख्यतः कोहळी समाजानं. उतार पाहायचा, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची आणि मातीची पार घालायची. (पुस्तकात ‘पाळ’ असते. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून पार.) अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचं देवगड घेतलं, चांदा घेतलं. राज्य बदललं, तलाव होते तिथेच राहिले. पाटील सारा गोळा करून वर पोचवायचा, पण गाव काही त्याच्या मालकीचं नव्हतं. मग १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, तेवढं निमित्त डलहौसीला पुरलं, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ साली मध्य प्रांत झाला, जमिनीचा नवा बंदोबस्त सुरू झाला, आणि साहेबाला प्रत्येक गावासाठी एक मालक हवा होता. त्याच्या देशात जमिनीला मालक असतो, मग इथेही असलाच पाहिजे! सारा भरणारा समोर उभाच होता. त्यालाच गावाचा मालक करून टाकलं, पडीत, झुडपी जंगल आणि तलावासकट. इंग्रज साहेबानं, फारसी शब्दानं, मराठी मुलखात, गोंडांच्या वेळच्या तलावावर मालक बसवला. एवढ्या सगळ्यांची गर्दी एका पाटीवर.

गावाकडे उरला तो निस्तार. हा आमच्याकडचा खास कागदी शब्द. सरपण, चराई, तलावाचं पाणी या गरजा भागवायचा गावाचा हक्क. ते सगळं वाजिब-उल-अर्ज नावाच्या भारदस्त कागदात लिहिलेलं असायचं. मला त्या अरबी वळणाच्या नावापेक्षा निस्तार जास्त आवडतो, कारण घराघरात रोज कुणीतरी कुणाला तरी म्हणत असतं, "केलंस ना? आता तूच निस्तर." सरकारनंही गावाला बहुधा तेच सांगितलं होतं.

३१ मार्च १९५१ला मालगुजारी संपली. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. कायद्यानं मालकी हक्क काढून घेतले, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या नावामागे ‘माजी’ लागलं. म्हणजे मालगुजारी चालली नव्वदेक वर्षं, तीही तलाव बांधून झाल्यावर कितीतरी काळानं आली, आणि जाऊनही आता सत्तरच्या वर वर्षं झाली. नाव मात्र तेच चिकटलंय. बोलण्यात मालगुजार एकाच कामाला उरला. पोरगं खाटेवर लोळत "चहा आण" म्हणालं की माय म्हणते, "मोठा मालगुजार लागून गेला!"

नवेगावबांधला जरा न्याय झाला आहे. तिथला मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यानं बांधला, असं तिकडे सांगतात, आणि लोकांनी त्याचा देव केला. कोलासुर देव. असुरही आणि देवही, एकाच नावात. बांधणाऱ्याला लोक देव करतात, सातबाऱ्यावर मात्र घेत नाहीत.

मी लहान होतो तेव्हा दसऱ्याच्या आसपास एकदा पावसानं दडी मारली. धान निसवायच्या बेतात, बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, माती तडकायला लागलेली. आबाजींनी मला पारीवर नेलं. तुडूम उघडायचं होतं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी सोडायची जागा, त्याला लाकडी खुंटा मारून ठेवलेला. एक ढिवरकाका अंगावरचं धुडकं काढून, लंगोटीवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून पाण्यात शिरले. बुडी मारली. वर आले, श्वास घेतला, पुन्हा बुडी. तिसऱ्या खेपेला पाण्यावर मोठा बुडबुडा फुटला आणि पारीच्या पोटातून गुडगुड, गुडगुड, मग एकदम ‘तुडूम’ असा आवाज झाला. शब्द त्या आवाजातूनच निघाला असणार अशी माझी तेव्हा खात्री झाली. अजूनही आहे. आम्ही पोरं धावत पारीच्या दुसऱ्या अंगाला. तिथे नहरात गढूळ, गार पाणी उसळत होतं, त्यात बोटभर मासोळ्या. बायांनी टोपल्या लावल्या, आम्ही सदरे लावले. काका थरथरत बाहेर आले, आबाजींनी त्यांना बिडी पेटवून दिली.

कितीतरी वर्षांनी त्याच काकाजींना मी विचारलं होतं, मालगुजाराच्या वेळी तुडूम कोण उघडे? ते हसले. "मालगुजार का पान्यात उतरे का जी? तो पारीवर उभा राहे, छत्री घेऊन."

मला वाटतं, शब्दांचीही हीच वाटणी झाली. पारीवर उभं राहणाऱ्याचे शब्द फारसीतून आलेले. मालगुजार, तहसील, वसूल, जमाबंदी, वारस. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी पटवाऱ्याच्या दप्तरातून फारसी काही हलली नाही. आणि पाण्यात उतरणाऱ्याचे शब्द पार, तुडूम, सलंग (तलाव भरून सांडणारं पाणी), बांधी, बोडी, परे, रोवणा. यांना कुठल्या राज्यानं हात लावला नाही. साऱ्याच्या हिशेबात ते कामाचे नव्हते.

एवढं लिहून खरं तर थांबायला हवं होतं, कारण ही वाटणी फार सुबक दिसते. पण नहर आड येतो. तुडुमातून निघालेलं पाणी बांधीपर्यंत नेणारा पाट, त्याला आमच्याकडे अडाणी म्हातारीही नहरच म्हणते. शब्द अरबी. अरबीत नहर म्हणजे नदी, आणि आमच्याकडे गुडघाभर पाट! कुठल्या सैन्याबरोबर, कुठल्या कारकुनाबरोबर आला आणि चिखलात उतरला, उतरला तो आमचाच झाला. पारीवर माजलेल्या बेशरमचंही तेच. झाड दक्षिण अमेरिकेकडचं, नाव फारसी घडणीचं, आणि उपटून फेकलं तर उकिरड्यावर पुन्हा फुटणार. त्याला कुणी मालक केलं नाही आणि कुणी माजीही करू शकत नाही.

आणि वेठबिगार. हा शब्द मी गेली काही वर्षं जिभेवर घोळवतो आहे. तलावाची पार दरसाल दुरुस्त करावी लागते. मालगुजाराच्या काळात ती गावाकडून करून घेत, पुष्कळदा फुकट. मालगुजार असताना तलाव नीट होते, आता सरकारकडे गेले आणि गाळानं भरले, असं हळहळून सांगणारे भेटतात. गाळ भरला हे खरं आहे. पण नीट होते ते कुणाच्या पाठीवर, हे त्यांना विचारलं की ते पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. या फुकट कामाला बिगार म्हणत, तो शब्द फारसी. आणि वेठ? अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, पाचव्या शतकातला. राजानं ते गाव ब्राह्मणांना दान दिलं आणि त्याला काय काय माफ, याची यादी कोरली. शिपायांनी गावात शिरायचं नाही, गावानं फुलं-दूध पुरवायचं नाही, आणि सगळ्या ‘विष्टी’तून गाव मोकळं. विष्टी म्हणजे राजासाठी फुकट राबणं. माफी देताना राजा सहज सांगून जातो की बाकीच्या गावांत शिपाई शिरत होते, दूध जात होतं, माणसं राबत होती. त्या विष्टीची झाली वेठ. पुढे फारसी राजवट आली, तिनं आपला शब्द आणला, आणि आपल्या लोकांनी जुना टाकला नाही, नवा नाकारला नाही, दोन्ही जोडून ठेवले. वेठबिगार. राबणाऱ्याला दोन्ही सारखेच लागले असणार.

गोंडांचं मात्र मला कोडंच वाटतं. तलाव त्यांच्या राज्यातले, नागपूर शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, आणि कागदावर त्यांची भाषा कुठेच नाही. २०११च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. राज्य केलेल्यांचे शब्द टिकतात म्हणावं, तर हे असं.

बायकोचं माहेर अकोल्याकडचं. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात मी "मामा तलावावर जाऊन येतो" म्हणालो, तर ती चपला घालून दारात उभी. मामेसासऱ्यांकडे नव्या सुनेनं जायला नको का? तिच्या माहेरी मालगुजार हा प्राणीच नाही. वर्धा नदी मधे आहे ना! तिचा वऱ्हाड निजामाकडून १८५३ साली कर्जापोटी इंग्रजांच्या हाती गेला, आमचं नागपूर पुढच्या वर्षी खालसा झालं. तिकडे रयतवारी बसवली, म्हणजे शेतकऱ्यानंच थेट सरकारात सारा भरायचा, इकडे मालगुजारी. १९०३ साली दोन्ही एका प्रांतात बांधले, पण ती अजून शेताला वावर म्हणते आणि मी बांधी म्हणतो. भांडण झालं की ती म्हणते, "तुमच्याकडचे लोक पहिल्यापासूनच मालगुजाराला जी-जी करणारे." मी म्हणतो, "हव जी." तेवढ्यावर मिटतं.

काल दुपारी पावसाची झड लागली असताना रेनकोट आला. आणणारा पोरगा बाजूच्याच गावचा, स्वतः डोक्यावर युरियाची पिशवी पांघरून आलेला. मी म्हटलं, "एवढे दिवस कुठे होतास?"

"मले मामा तलाव मालूम आहे ना जी," तो म्हणाला, "पन हे पाहा." पार्सलवरच्या चिठ्ठीवर हिंदीत छापलं होतं, ‘मामाजी के घर के पास’. "सगऱ्या गावात तुमच्या मामाचं घर इचारलं. लोक बोलले, त्याचे मामा तं साकोलीले राहतेत."

मी सही केली. तो गाडीला किक मारणार, एवढ्यात थांबला आणि पारीकडे कान देऊन म्हणाला, "सलंग निघाली का जी?"

सकाळपर्यंत निघाली नव्हती. मी नवा रेनकोट घातला, त्यानं युरियाची पिशवी सारखी केली, आणि आम्ही दोघं पाहायला गेलो.