चाल आमचीच राहील

आज मिरजेत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपासना गीतांच्या रेकॉर्डिंगसाठी एका देणगीदारांशी बोलणं झालं. सगळा खर्च उचलायला ते तयार होते. अट अशी की अभंगाच्या चाली वगळायच्या, तानपुरा नको, आणि गाण्यांचे सगळे हक्क त्यांच्या नावावर. मी हात जोडून नाही म्हणालो.

मिरजेत बसून तानपुरा नको? इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं! आणि मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वीच अभंग-ओवीतून ख्रिस्तभक्ती गायली. आमच्या मंडळीतल्या आज्यांना ती भजनं तोंडपाठ आहेत. गिटारशी माझं वैर नाही, तरुण संघात मीच वाजवतो. पण कुठलं वाद्य हवं हे गाण्याने ठरवावं, चेकने नाही.

गाणाऱ्या मित्रांनो, करार नीट वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला किंवा देणगीदाराला लिहून देता येत नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

आता मंडळीच्या वर्गणीतून एकेक गाणं करणार. पहिलं भूप रागातलं. तबलजींचं मानधन आधी, व्हिडिओचं नंतर बघू. हातभार लावायचा असेल तर इनबॉक्समध्ये या.