फिल्टरमधून निसटलेले प्लॅटिनम

नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे नमुने तपासणीसाठी बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत येतात. तेल शुद्धीकरणात रिफॉर्मिंगसाठी, म्हणजे नॅफ्थ्यापासून चांगल्या प्रतीचे पेट्रोल बनवण्यासाठी, वापरून झालेल्या उत्प्रेरकातून तेथे प्लॅटिनम परत मिळवले जाते. ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, बारीक गोळ्यांवर वजनाच्या साधारण ०.३ टक्के प्लॅटिनम असते. या गोळ्या सल्फ्युरिक ॲसिडबरोबर ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भांड्यात दाबाखाली तापवल्या की ॲल्युमिना विरघळून ॲल्युमिनियम सल्फेट होते आणि प्लॅटिनम काळ्या गाळाच्या रूपात फिल्टरवर उरते. नुसत्या सल्फ्युरिक ॲसिडला प्लॅटिनम दाद देत नाही, या एका गोष्टीवर तो सारा व्यवहार उभा आहे.

त्या दिवशी हिशेब जुळेना. गोळ्यांत मोजलेल्या प्लॅटिनमचा जवळजवळ दहावा हिस्सा गाळात सापडत नव्हता. कारखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा त्यांचा रोख चोरीवर होता आणि रात्रपाळीतल्या माणसांची चौकशी सुरूही झाली होती. मी म्हणालो, "साहेब, माणसांना विचारण्याआधी फिल्टरमधून गेलेला द्राव मला तपासू द्या. तो अजून टाकीत आहे ना?" द्राव टाकीतच होता. दुपारी मी तेथे पोचलो.

तपासणी साधी आहे: द्रावात प्लॅटिनम असेल तर स्टॅनस क्लोराइड या कथिलाच्या क्षाराने तो पिवळा ते नारिंगी-लाल होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ताजे बनवलेले स्टॅनस क्लोराइड घ्यायचे, स्पॉट प्लेटच्या पांढऱ्या खळग्यात द्रावाचे दोन थेंब टाकायचे आणि त्यांवर त्याचा एक थेंब सोडायचा. द्राव पाण्यासारखा स्वच्छ होता. थेंब पडताच तो पिवळा झाला आणि बघता बघता नारिंगी-लाल झाला. शेजारच्या खळग्यात मी फक्त ॲल्युमिनियम सल्फेटचा शुद्ध द्राव घेतला होता; तो तसाच राहिला. पाळीचे फोरमन काका माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते इतकेच म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरांनी काही नेलेलं नाही." त्या नारिंगी रंगाचा मला झालेला आनंद निव्वळ रसायनशास्त्राचा नव्हता.

मग प्रश्न उरला तो प्लॅटिनम विरघळले कसे, याचा. आम्लाची तीव्रता, तापमान आणि दाब यांनी क्रियेचा वेग वाढतो. पण प्लॅटिनम द्रावात टिकायला त्याचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि तयार झालेल्या आयनाला धरून ठेवणारा जोडीदार लागतो. तो जोडीदार म्हणजे क्लोराइड. एकट्या प्लॅटिनम आयनासाठी सुमारे १.२ व्होल्ट विभव, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा तेवढा जोर, लागते, तेच क्लोराइडच्या संगतीत सुमारे ०.७५ व्होल्टवर येते, आणि मग बंद भांड्यातील हवेचा ऑक्सिजनसुद्धा हे काम करू शकतो. कॅनडात विकसित झालेल्या प्लॅटसोल प्रक्रियेत हेच मुद्दाम घडवतात: सुमारे २२५ अंश सेल्सियसला, ऑक्सिजनच्या दाबाखाली, लिटरमागे दहा-वीस ग्रॅम मीठ घालून तांबे-निकेलच्या सल्फाइड खनिजातले सोने, प्लॅटिनम आणि पॅलेडियम एकाच वेळी द्रावात उतरवतात. आमच्याकडे मीठ कोणी घातले नव्हते.

क्लोराइड मालातच होते. रिफॉर्मिंगच्या उत्प्रेरकाला आम्लधर्मी गुण यावा म्हणून त्यावर साधारण एक टक्का क्लोराइड ठेवलेलेच असते. एक टन मालात ३ किलो प्लॅटिनम धरले, तर ते सगळे सहा-सहा क्लोराइडच्या संयुगात बांधायला सव्वातीन किलो क्लोराइड पुरते, आणि मालात असते सुमारे दहा किलो. एरवी हा माल कोकने, म्हणजे वापरात साचलेल्या कार्बनने, काळा झालेला येतो आणि आधी भट्टीत भाजला जातो. त्यात बरेचसे क्लोराइड उडून जाते आणि प्लॅटिनमचे कणही एकमेकांना चिकटून मोठे होतात. या खेपेचा माल मात्र शुद्धीकरण केंद्रात पुनरुज्जीवन झाल्यावर लगेच काढलेला होता. त्या प्रक्रियेत क्लोराइड पुन्हा भरतात आणि प्लॅटिनम अतिसूक्ष्म, ऑक्सिडीकृत रूपात पसरवतात, म्हणजे ते विरघळायला जवळजवळ तयारच असते. माल पांढराफटक दिसला म्हणून कारखान्याने भट्टीचा टप्पा गाळला होता.

उपाय जुनाच आहे. टाकीतल्या द्रावात ढवळत ढवळत ॲल्युमिनियमची पूड थोडी थोडी सोडली. द्राव आम्लधर्मी असल्याने हायड्रोजन सुटतो, म्हणून झाकण उघडे ठेवून पंखे लावले आणि आसपासचे वेल्डिंग बंद करवले. ॲल्युमिनियम विरघळते आणि त्याच्या बदल्यात प्लॅटिनम धातुरूपात बाहेर पडते; काळा गाळ खाली बसू लागला, आणि संध्याकाळपर्यंत स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाला रंग येईना. द्रावात आधीच ॲल्युमिनियम असल्याने या पुडीमुळे नवी अशुद्धी शिरत नाही, म्हणून मला हा उपाय विशेष आवडतो. हा गाळ मुख्य गाळात मिसळून पुन्हा मोजल्यावर हिशेब जुळला आणि चौकशी थांबली.

आता त्या कारखान्यात प्रत्येक खेपेचे क्लोराइड आधी मोजतात आणि माल कितीही पांढरा असला तरी भट्टीत घालतात. ऑटोक्लेव्ह तापवण्याआधी आतली हवा नायट्रोजनने काढून टाकावी, अशीही शिफारस मी अहवालात केली होती. खर्चामुळे ती अजून अमलात आलेली नाही. प्रत्येक नव्या अहवालात मी ती पुन्हा लिहितो.