चाळणीने फेकलेला भाव

चलनांचे जुने भाव सांभाळणं हे माझं काम. अमुक तारखेला एका युरोला किती फ्रँक मिळत होते, हे दहा वर्षांनी कुणी विचारलं तरी आमच्या तक्त्यात सापडलं पाहिजे. काम तसं नीरस. त्यातही युरो आणि स्विस फ्रँक ही जोडी म्हणजे निव्वळ आराम. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं होतं, की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. त्यासाठी लागेल तेवढं परकीय चलन विकत घेऊ. त्याच्या आदल्याच महिन्यात घाबरलेला पैसा फ्रँककडे धावला होता आणि युरो घसरत घसरत जवळजवळ एका फ्रँकवर आला होता. महाग फ्रँकमुळे तिथले निर्यातदार मेटाकुटीला आले होते. म्हणून ही भिंत. तेव्हापासून आमच्या आलेखात त्या जोडीची रेघ १.२० ला टेकून पडलेली, अंथरुणाला खिळल्यासारखी.

१५ जानेवारी २०१५, गुरुवार. झुरिकला सकाळचे साडेदहा वाजले असतील. माझ्या स्क्रीनवर एकामागून एक लाल ओळी येऊ लागल्या.

या लाल ओळींचं गणित सांगायला हवं. बाहेरून येणारा प्रत्येक भाव आमच्याकडे आधी एका चाळणीतून जातो. शेवटच्या मान्य भावापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला, की तो भाव संशयित म्हणून बाजूला पडतो. हे लागतंच. कुणाच्या हातून दशांशचिन्ह सरकतं, कुठे आकडे उलटे पडतात, असा कचरा रोजचा.

त्या दिवशी मुख्य तक्त्यात १.२० चा भाव जागचा हलत नव्हता आणि कचऱ्याच्या यादीत मात्र रांग लागली होती: १.१०, १.०२, ०.९७, ०.८६. चाळणी प्रत्येक भाव शेवटच्या मान्य भावाशी, म्हणजे १.२० शी, ताडून बघत होती आणि इमानेइतबारे फेकून देत होती. मीही तेच केलं असतं. केलंच. भाव पुरवणाऱ्या पुरवठादाराची तार बिघडली असं समजून मी त्याचा फीड, म्हणजे त्याच्याकडून येणारा भावांचा ओघ, बंद केला आणि दुसऱ्याचा लावला. तिथेही तेच. मधूनमधून तर विक्रीचा भाव दिसे, खरेदीचा रकाना रिकामाच.

मागच्या टेबलावरून सर म्हणाले, "अगं, यंत्राकडे काय बघतेस, बातमी बघ."

बातमी जेमतेम दोन ओळींची. १.२० ची मर्यादा रद्द. सोबत बँकांच्या ठेवींवरचा व्याजदर उणे ०.७५ टक्के. पुढच्याच आठवड्यात युरोपीय मध्यवर्ती बँक मोठ्या प्रमाणावर रोखेखरेदी जाहीर करेल अशी अटकळ होती. म्हणजे रोख्यांच्या बदल्यात बाजारात नवे युरो ओतले जाणार, युरो आणखी पडणार आणि तो विकत घेत बसायचं स्विस बँकेने. किती घेणार? हे मला दुपारी उमगलं; त्या क्षणी फक्त पोटात गोळा आला. जो आकडा मी कचरा म्हणून टाकत होते तोच खरा होता आणि तक्त्यातला खोटा.

चाळणी बंद करायला दोघांच्या सह्या लागतात. त्या होईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. तेवढ्यात भाव तळाला जाऊन पुन्हा वर येऊ लागला होता.

खरा घोळ पुढेच होता. आमच्या तक्त्यात तारखेला एक ओळ आणि त्या ओळीत मुख्य दर एकच. कोणता लिहायचा? सकाळी दहाचा घेतला तर लाख युरोचे १,२०,००० फ्रँक. पावणेअकराच्या सुमाराचा घेतला तर ८६,००० च्या घरात. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दुपारी सव्वादोनच्या सुमारास ठरणारा संदर्भ दर १.०३ च्या आसपास होता, तर न्यूयॉर्कला बाजार संपला तेव्हा युरो एका फ्रँकच्याही जरा खाली. नीचांक तर प्रत्येक पुरवठादाराचा वेगळा. त्या वीस मिनिटांत खरे व्यवहार इतके थोडे, की कोणता सौदा धरायचा आणि कोणता सोडायचा यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं.

शेवटी नेहमीचा नियम पाळून न्यूयॉर्कचा बंद भाव लिहिला आणि शेजारी भलीमोठी टीप जोडली. दुसऱ्या दिवशी एका ग्राहकाचा फोन. त्यांच्या करारात नुसतं "त्या दिवशीचा दर" एवढंच लिहिलेलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे सगळं असतं ना, मग सांगा कोणता." मी त्यांना चार दर पाठवले, प्रत्येकाच्या वेळेसकट. ते मुळीच खूश झाले नाहीत.

संध्याकाळी मी काढून टाकलेल्या भावांची जुनी नोंदवही उघडली. ५ एप्रिल २०१२. ईस्टरच्या सुट्टीच्या तोंडावरचा सुस्त बाजार, आणि युरो काही क्षण १.२० च्या किंचित खाली. फरक इतका किरकोळ, की चाळणीने तो सोडला होता. काढला होता मी, हाताने. पुढे कारण लिहिलेलं, माझ्याच शब्दांत: "अशक्य, मर्यादा १.२०."

तो भाव मी परत तक्त्यात चढवला. कारणाच्या रकान्यातलं वाक्य मात्र खोडलं नाही.